शेअर, जिने आणि नोकरांच्या खोल्या : न्यूयॉर्कच्या युद्धपूर्व सहकारी इमारती

शहर आणि मालकी या आपल्या विषयात आज एका इमारतीच्या प्रकाराकडे बघू. न्यूयॉर्कमध्ये घरांच्या जाहिराती वाचल्या तर एक शब्द सारखा भेटतो : 'प्री-वॉर'. आपल्याकडे 'जुनी इमारत' म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? गळती, टेकू लावलेला सज्जा, पुनर्विकासाची मीटिंग. तिकडे मात्र घर युद्धपूर्व आहे असे सांगितले की भाव चढतो. युद्ध म्हणजे दुसरे महायुद्ध. ढोबळमानाने १८८० नंतर आणि १९४० च्या आत उभ्या राहिलेल्या इमारती या नावाखाली येतात. जाड भिंती, गिलाव्याची कलाकुसर, उंच छत, खरोखर लाकूड जाळता येईल अशी शेकोटी, हेरिंगबोन पद्धतीने बसवलेली लाकडी जमीन आणि खिडकीखाली वाफेवर चालणारा, थंडीत खडखडणारा रेडिएटर. युद्धानंतरच्या इमारतींची छते खाली आली, भिंती पातळ झाल्या, शेजारचा रेडिओ ऐकू यायला लागला. म्हणून हा शब्द तिथे कौतुकाचा झाला.

पण जाहिरातीत दुसराही एक शब्द असतो, 'को-ऑप'. आमच्या मते खरी गोष्ट त्या शब्दात आहे.

को-ऑपमध्ये तुम्ही घर विकत घेत नाही, हे आधी नीट समजून घेऊ. इमारत एका कंपनीच्या मालकीची असते. तुम्ही त्या कंपनीचे शेअर घेता, आणि त्या शेअरांच्या जोरावर कंपनी तुम्हाला एका विशिष्ट फ्लॅटचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा देते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तुम्ही भाडेकरूच. फक्त ज्या मालकाचे भाडेकरू, त्या मालकाचा एक तुकडा तुम्ही स्वतः. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू की मालकी हे माणसाचे वस्तूशी नाते नसते, वस्तूच्या निमित्ताने माणसांचे माणसांशी असलेले नाते असते. हे वाक्य मुलांना कोरडे वाटायचे. त्यांना को-ऑपचा कागद दाखवला असता तर चटकन कळले असते.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या कपाटात सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आहे : पन्नास रुपयांचा एक, असे पाच शेअर. घराची किंमत कोटीत आणि शेअर अडीचशे रुपयांचे! पण एक फरक मोठा आहे. आपल्या सोसायटीत वन रूम किचनवाल्याला एक मत आणि टेरेस फ्लॅटवाल्यालाही एकच मत. न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवरच्या को-ऑपमध्ये घर जेवढे मोठे, जेवढे वरचे, तेवढे शेअर जास्त, आणि जेवढे शेअर तेवढी मते. इंग्लंडातल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये सहकाराचे जे नियम घालून दिले, त्यात 'माणशी एक मत' हा कणा होता. पार्क ॲव्हेन्यूने सहकाराचे नाव घेतले आणि कणा काढून ठेवला. आता याच शहरात कण्यासकट सहकार करणारेही होते. त्यांच्याकडे पुढे येऊच.

आणखी एक यंत्रणा आत्ताच सांगून ठेवतो, कारण तिच्यावाचून तिसाच्या दशकातली पडझड कळायची नाही. संपूर्ण इमारतीवर कंपनीने काढलेले एक मोठे कर्ज असते. त्याचे व्याज, शहराचा कर, कोळसा, दारवानांचे पगार, हे सगळे सभासदांकडून दरमहा मेंटेनन्स म्हणून गोळा होते. सगळे भरत आहेत तोवर ठीक. पण तिसऱ्या मजल्यावरच्याचा धंदा बुडाला आणि त्याने भरणे थांबवले, तर त्याचा वाटा उरलेल्यांवर येतो. त्या वाढीव ओझ्याने आणखी दोघे थकतात. त्यांचा वाटाही उरलेल्यांवर. शेवटी बँक येते ती इमारतीच्या दाराशी. तुमच्या एकट्याच्या दाराशी नव्हे. ज्याने एक दिवसही हप्ता चुकवला नाही, त्याचेही शेअर त्या दिवशी रद्दी होतात.

अशा इमारती मुळात आल्या कुठून, हे थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कच्या सुखवस्तू माणसाला एका छपराखाली चार कुटुंबांनी राहणे हे कमीपणाचे वाटे. तसे राहायचे ते गरीब स्थलांतरितांनी, टेनेमेंटमध्ये. म्हणजे आपल्या चाळीची अंधारी, कोंदट बहीण. १८७० च्या सुमारास रिचर्ड मॉरिस हंट या वास्तुविशारदाने अठराव्या रस्त्यावर पॅरिसच्या धर्तीची स्टायव्हेसंट अपार्टमेंट बांधली आणि 'फ्रेंच फ्लॅट' ही कल्पना प्रतिष्ठित झाली. पुढे फिलिप ह्युबर्ट आला. हा जन्माने फ्रेंच. याचे वडील वास्तुविशारद आणि फूरिएच्या समाजवादी पंथातले. सर्वांनी एका मोठ्या वास्तूत मिळून राहावे, असे स्वप्न बघणारा तो फूरिए. मुलाने त्या स्वप्नाला न्यूयॉर्कचे व्यवहारी कपडे शिवले. परिचितांनी एकत्र येऊन जमीन घ्यायची, इमारत बांधायची, काही घरे भाड्याने देऊन खर्च भागवायचा. त्याला त्याने 'होम क्लब' म्हटले. सत्तावन्नाव्या रस्त्यावरची रेम्ब्रँट ही त्यातली पहिली, १८८१ ची. तेविसाव्या रस्त्यावरचे पुढे कलावंतांमुळे गाजलेले चेल्सी हॉटेल १८८४ मध्ये ह्युबर्टचे को-ऑप म्हणूनच सुरू झाले. हॉटेल झाले ते १९०५ मध्ये. (ज्या डकोटा इमारतीचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, तीही १८८४ ची, पण ती भाड्याची होती. को-ऑप झाली १९६१ मध्ये. जुनी आहे आणि को-ऑप आहे म्हणजे जुनी को-ऑप आहे असे समजू नये.)

खरा बहर आला तो १९२० च्या दशकात, आणि त्याची जागा होती पार्क ॲव्हेन्यू. या रस्त्याच्या मधून पूर्वी वाफेच्या आगगाड्या धावत. धूर, काजळी, आवाज. १९०२ च्या जानेवारीत धुराने भरलेल्या बोगद्यात एका गाडीने दुसरीला धडक दिली, पंधरा माणसे गेली. त्यानंतर शहरात वाफेच्या इंजिनांवर बंदी आली, विजेच्या गाड्या आल्या, रूळ झाकले गेले आणि वर रुंद, मधोमध बाग असलेला रस्ता झाला. अपघातातून निघालेल्या कायद्याने जमिनीचा भाव ठरवला. बारा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींची एकसारखी रांग तिथे उभी राहिली : खाली चुनखडी दगडाचे दोन-तीन मजले, वर विटा, माथ्यावर इटालियन राजवाड्यासारखी कंगणी, आणि दारात हिरव्या कनातीखाली टोपी घातलेला दारवान.

बाहेरून या इमारती, खरे सांगायचे तर, काहीशा मुक्या आहेत. त्यांचे बोलणे आत, नकाशात आहे. तिथे आपण जरा थांबू.

या काळाचा सर्वात हुशार नकाशाकार म्हणजे रोझारिओ कँडेला. सिसिलीत १८९० मध्ये जन्मलेला, गवंडीकामाच्या घरातला मुलगा. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये वास्तुशास्त्राची पदवी घेतली. सन लक्षात घ्या. त्याच वर्षी, त्याच विद्यापीठातून भीमराव आंबेडकर एम.ए. झाले. एक राहण्याच्या जागांची मांडणी करायला निघाला, दुसरा माणसांच्या मांडणीचा हिशेब मागायला. कँडेलाला आणखी एक नाद होता, सांकेतिक लिपी फोडण्याचा. १९३८ मध्ये त्याने त्यावर पुस्तकही लिहिले. त्याचे नकाशे पाहिले की हा नाद तिथेही दिसतो. एका मजल्याचे घर, दोन मजल्यांचे घर, पुन्हा त्याच्या वरच्या मजल्यात घुसलेले तिसरेच घर, अशी घरे तो कोड्याच्या तुकड्यांसारखी एकमेकांत बसवी.

कल्पना करा, तुम्ही अशा घरात पाहुणे म्हणून आलात. लिफ्ट वर जाते आणि दार उघडते ते लांबलचक सामायिक व्हरांड्यात नाही. समोर एक लहानशी खोलीच असते, तिथे एकाच घराचे, फार तर दोन घरांचे दार. आत गेलात की मोठी चौकासारखी जागा. तिला तिथे 'गॅलरी' म्हणतात. आपली गॅलरी बाहेर असते, कपडे वाळत घालायला आणि रस्ता बघायला. तिथली गॅलरी घराच्या मधोमध, खिडकीशिवाय, काळ्या-पांढऱ्या संगमरवराची. या चौकातून दिवाणखाना, जेवणाची खोली, पुस्तकांची खोली अशी दारे फुटतात. या खोल्या रस्त्याच्या बाजूला, उजेडाच्या बाजूला. शेजघरे दिसत नाहीत. ती एका वेगळ्या बोळातून, किंवा दुमजली घर असेल तर गोल जिन्याने वर.

आणि तिसरा भाग तर पाहुण्याला कळतही नाही. जेवणाच्या खोलीला एक झुलते दार असते. त्यामागे पॅन्ट्री, म्हणजे भांडी आणि चांदी ठेवायची जागा, मग मुदपाकखाना, मग नोकरांच्या जेवणाची लहान खोली, आणि मग ओळीने नोकरांच्या खोल्या. एक खाट, एक कपाट आणि उभे राहायला जागा. खिडकी आतल्या चौकाकडे, म्हणजे समोरच्या भिंतीकडे. त्यांना स्वतंत्र लहान न्हाणीघर, स्वतंत्र मागचे दार, स्वतंत्र जिना आणि स्वतंत्र लिफ्ट. कोळसा, भाजी, कचरा आणि नोकर एकाच लिफ्टने वर-खाली जात.

ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या पहिल्याच भागात घर म्हणजे काय ते सांगताना मालक आणि दास यांना घराचे घटक म्हणून एकत्र धरले आहे. हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. कँडेलाचे नकाशे त्याच विचाराचे चित्र आहेत, एका सुधारणेसह : ॲरिस्टॉटलच्या घरात दास डोळ्यांसमोर तरी होता. इथे सगळी करामत एवढ्यासाठी की मालक आणि मोलकरीण यांची वाट एकदाही एकमेकींना छेदू नये. आणि हे अतिशय सुंदर जमले आहे, हेही कबूल केले पाहिजे. या घरांत वावरताना कुठेही अडखळायला होत नाही, एकही बोळ वाया गेलेला नाही, दिवाणखान्यातून जेवणघरापर्यंत नजर सरळ जाते. सौंदर्य आणि अन्याय एकाच रेघेने काढलेले असू शकतात. असे पाहिले की आमच्यासारख्यांची पंचाईत होते.

या घरांची मोजणीही पाहण्यासारखी आहे. आपण बीएचके म्हणतो. तिथे 'क्लासिक सिक्स' म्हणतात : दिवाणखाना, जेवणघर, स्वयंपाकघर, दोन शेजघरे आणि सहावी मोलकरणीची खोली. न्हाणीघरे मोजत नाहीत, मोलकरणीची खोली मोजतात. अजूनही. त्या खोलीत आता कोणी कॉम्प्युटर घेऊन बसते किंवा भिंत पाडून स्वयंपाकघर मोठे केलेले असते, पण 'सिक्स' सिक्सच राहते.

या प्रकाराचे शिखर मानतात ती इमारत ७४० पार्क ॲव्हेन्यू. कँडेला आणि आर्थर लूमिस हार्मन यांनी आखलेली, जेम्स टी. ली या बिल्डरने बांधलेली, पूर्ण चुनखडीत मढवलेली. एकोणीस मजले आणि घरे अवघी एकतीस. या हिशेबावरूनच एकेका घराचा पसारा ध्यानात येईल. १९२९ मध्ये बहुमजली निवासाचा नवा कायदा झाला. त्याने वरचे मजले मागे घेत घेत अधिक उंच जायला परवानगी दिली. त्या मागे घेतलेल्या पायऱ्यांवर गच्च्या झाल्या. पूर्वी ज्या माथ्यावर पाण्याच्या टाक्या आणि नोकर असत, तिथे 'पेंटहाउस' नावाची सर्वांत महाग घरे आली. इमारत १९३० च्या शरद ऋतूत राहायला तयार झाली. शेअर बाजार कोसळून वर्ष झाले होते! घेणारे मिळेनात, को-ऑप म्हणून बांधलेल्या इमारतीत बरीच घरे भाड्याने द्यावी लागली. ली यांनी एक घर मुलीला-जावयाला राहायला दिले. त्यांची लहानगी नात तिथे वाढली, पुढे तिचे लग्न जॉन केनेडी यांच्याशी झाले.

तिसाच्या दशकाच्या अखेरीस या इमारतीत एक मोठा रहिवासी आला : जॉन डी. रॉकफेलर (धाकटे). चौपन्नाव्या रस्त्यावरचे आपले नऊमजली घर सोडून ते इथे आले. त्या जुन्या घराच्या जागी आज म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टची शिल्पबाग आहे. या गृहस्थांचा दुसऱ्याच एका को-ऑपशी संबंध होता, आणि तिथे जायचे तर पार्क ॲव्हेन्यू सोडून हार्लेमला जावे लागते.

एकशे एकोणपन्नास आणि एकशे पन्नासाव्या रस्त्यांच्या मधला तो संपूर्ण ठोकळा. तिथे १९२६ ते १९२८ मध्ये रॉकफेलरांच्या पैशाने डनबार अपार्टमेंट्स उभी राहिली. नाव कृष्णवर्णीय कवी पॉल लॉरेन्स डनबार यांचे. न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांसाठीची ही पहिली मोठी को-ऑप. ५११ घरे. हार्लेममध्ये तेव्हा परिस्थिती अशी की रंगामुळे दुसरीकडे घर मिळत नाही, म्हणून जे मिळेल त्याला जास्त भाडे द्यावे लागे. भाडे परवडावे म्हणून पोटभाडेकरू ठेवावे लागत. त्या गर्दीत हे घर आले, आणि तेही स्वतःच्या शेअरचे. रॉकफेलरांनी हे दान म्हणून केले नव्हते. मर्यादित व्याजावरची गुंतवणूक होती ती. भले करता करता धंदाही टिकतो हे त्यांना दाखवायचे होते.

वास्तुविशारद अँड्र्यू जे. थॉमस. याची कल्पना साधी : जमीन पूर्ण भरायची नाही. सहा इमारती कडेने गुंफायच्या, मधे मोठी बाग ठेवायची, रस्त्यावरून कमानीतून आत यायचे. इमारत खोल्यांच्या हिशेबात उथळ ठेवायची, म्हणजे पुढून वारा येतो आणि मागून जातो. पाच-सहा मजले, लिफ्ट नाही. मोलकरणीची खोली नाही, मागचा जिना नाही. का असेल? इथे राहायला येणाऱ्यांपैकी अनेक जण दिवसा दुसऱ्यांच्या इमारतीत त्याच मागच्या लिफ्टने वर जाणारे होते. शिशुवर्ग होता, खेळायला जागा होती, आणि कोपऱ्यावर डनबार नॅशनल बँक. व्यवस्थापक रॉस्को कॉंकलिंग ब्रूस, अमेरिकी सिनेटवर निवडून गेलेल्या एका कृष्णवर्णीय सिनेटरचे चिरंजीव.

आणि रहिवासी बघा! गायक-नट पॉल रोबसन. रेल्वेच्या शयनयान हमालांची युनियन बांधणारे ए. फिलिप रँडॉल्फ. पिअरीबरोबर उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेले मॅथ्यू हेन्सन. आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. हे नाव आपल्याला परके नको. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइसना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, आणि त्यांनी उत्तरही दिले होते.

मग मंदी आली. आधी सांगितलेली यंत्रणा आठवा. हार्लेममध्ये नोकऱ्या सगळ्यात आधी गेल्या, कारण तिथल्या माणसांना शेवटी घेतले होते आणि पहिल्यांदा काढले. हप्ते थकू लागले. १९३६ मध्ये को-ऑप मोडली. गहाणखत रॉकफेलरांचे, इमारत त्यांच्याकडे परत गेली. शेअरधारक पुन्हा साधे भाडेकरू झाले. त्याच दशकात ७४० पार्कचाही डाव फसला होता, पण तिथल्या फसण्याने कोणाचे एकमेव घर गेले नाही. दोन्ही ठिकाणी कंपनी तीच, शेअर तोच, भाडेपट्टाही तोच. कायदा दोघांना सारखा लागू होता. पडताना अंगाखाली काय आहे हे कायदा विचारत नाही.

मग प्रश्न येतो : गरिबांची को-ऑप टिकणे शक्यच नव्हते का? याचे उत्तर ब्राँक्समध्ये मिळते. ते 'होय' असेही नाही, 'नाही' असेही नाही.

ब्राँक्समध्ये विसाच्या दशकाच्या अखेरीस ज्यू कामगारांनी काही वसाहती उभारल्या. दोन सांगतो. एक, शिंपीकाम करणाऱ्यांच्या अमलगमेटेड युनियनची. १९२७ मध्ये व्हॅन कोर्टलँड पार्कजवळ ३०३ कुटुंबे राहायला आली. सूत्रधार अब्राहम काझान. खोलीमागे पाचशे डॉलर भांडवल आणि महिना साधारण अकरा डॉलर. पाचशे डॉलर शिंप्याकडे कुठले? युनियनची बँक आणि 'फॉरवर्ड' हे यिडिश दैनिक यांनी उधारीची सोय केली. इंग्लिश ट्यूडर धाटणीची घरे, बागा, वाचनालय, किराणा दुकान सहकारी, दूध सहकारी. आणि माणशी एक मत. म्हणजे रॉचडेलचा कणा इथे जागेवर आहे.

दुसरी, अलर्टन ॲव्हेन्यूवरची, साम्यवादी कामगारांची, नुसती 'कूप्स' म्हणून ओळखली जाणारी. हिच्या एका प्रवेशद्वारावर कोयता-हातोडा कोरलेला आहे! इथे कृष्णवर्णीय कुटुंबांना मुद्दाम बोलावून घेतले, तेही तिसाच्या दशकात, जेव्हा शहरात असे कोणी करत नव्हते. थकलेल्याला घराबाहेर काढायचे नाही हा नियम. मंदीत कर्ज थकले तेव्हा कर्ज देणाऱ्यांनी सुचवले, खोलीमागे महिना एक डॉलर वाढवा, इमारत वाचेल. सभासदांनी सभा घेतली, मतदान केले आणि नकार दिला. भाडेवाढ म्हणजे भाडेवाढ, ती आपण आपल्यावरही लादणार नाही. १९४३ मध्ये इमारत हातची गेली.

अमलगमेटेड टिकली. काझान तत्त्वांपेक्षा वहीखाते अधिक बघणारा माणूस. थकलेल्यांना सवलत दिली, पण वसुली सोडली नाही, शिल्लक राखली. आम्हाला या दोन वसाहतींपैकी कोणाची बाजू घ्यावी असा प्रश्न विचारला तर डोके काझानकडे जाते आणि मन त्या सभेत जाऊन बसते. एक मात्र नोंदवतो. ज्या सभासदांनी एक डॉलरला 'नाही' म्हटले, त्यांना आपण मालक झालो आहोत हे कागदावर कळले होते, पण मालक म्हणून विचार करायचे त्यांनी नाकारले. हा मूर्खपणा होता असे अर्थशास्त्री म्हणतील. आम्ही इतक्या झटकन म्हणणार नाही.

आता दाराकडे येऊ. सहकार म्हणजे एकत्र येणे, हे खरे. पण कोणाबरोबर, हे ठरवायचा अधिकारही त्यातच येतो. पार्क आणि फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या को-ऑपना त्यांचे बिल्डर उघडच सांगत की शेजारी तुम्ही निवडाल. भाड्याच्या इमारतीत मालक पैसे बघतो. को-ऑपमध्ये बोर्ड माणूस बघते. अनेक इमारतींत ज्यूंना प्रवेश नव्हता. कृष्णवर्णीयांचा तर प्रश्नच नाही. १९५९ मध्ये ७९१ पार्क ॲव्हेन्यूच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाचा नकाराचा हक्क मान्य केला. १९६८ च्या राष्ट्रीय कायद्यानंतर वंश किंवा धर्म पाहून नाकारणे बेकायदा ठरले, पण बोर्डाने कारण सांगितलेच पाहिजे अशी सक्ती नव्हती. कारणच सांगितले नाही तर ते बेकायदा आहे हे सिद्ध कसे करणार? १९७९ मध्ये तर अध्यक्षपद सोडलेल्या रिचर्ड निक्सन यांनाही बहात्तराव्या रस्त्यावरच्या एका युद्धपूर्व को-ऑपच्या रहिवाशांनी येऊ दिले नाही. त्यात एक प्रकारचा काव्यात्म न्याय वाटतो खरा. पण जे हत्यार निक्सनवर चालले, ते त्याआधी कोणाकोणावर चालले होते हे विसरून टाळ्या वाजवता येत नाहीत.

आणि हे सगळे दूरचे आहे असेही नाही. भारतातल्या पहिल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये निघाली, श्रीपाद सुब्बराव तल्मकी यांच्या पुढाकाराने, सारस्वत समाजासाठी. ब्रुकलिनमध्ये फिनलंडच्या स्थलांतरितांनी न्यूयॉर्कची पहिली ना-नफा को-ऑप बांधली ती १९१६ मध्ये, म्हणजे आपण एक वर्षाने पुढेच! दोन्हीकडे परक्या शहरात आलेल्या माणसांनी आपल्या माणसांना हाताशी धरले. त्यावाचून पहिला हप्ता जमलाच नसता. पण जो विश्वास भांडवल म्हणून आत असतो, तोच बाहेरच्यासाठी भिंत होतो. १९१७ मध्ये कोलंबियाचे शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर आलेल्या आंबेडकरांना पारशी पथिकाश्रमातून अकराव्या दिवशी बाहेर काढले, आणि त्या शहरात त्यांना छप्पर मिळाले नाही. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा उपनियम वैध ठरवला. हा निकाल वकिलांनी वाचावाच, पण घर शोधणाऱ्यांनीही वाचावा.

जाता जाता जॅक्सन हाइट्स. डनबार बांधणाऱ्या थॉमसनेच त्याआधी क्वीन्समधल्या या उपनगरात बागांभोवतीच्या को-ऑप बांधल्या होत्या. 'शॅटो' आणि 'टॉवर्स' या दोन त्याच्याच. कमानी त्याच, मधली बाग तीच, वाऱ्याचा हिशेबही तोच. फक्त तिथे ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपली माणसे क्वीन्समध्ये आली, चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्यांची, मसाल्यांची आणि भारतात न्यायच्या २२० व्होल्टच्या मिक्सरची दुकाने निघाली. हे व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी कोणाकोणाची मुले-सुना त्या भागात असतील. गेलात तर दुकानांपाशी थांबू नका, दोन गल्ल्या पुढे जा. रस्त्यावरून फक्त विटांच्या भिंती दिसतील; बागा आत आहेत आणि त्या सभासदांच्या आहेत. वर्षातून एकदा, जून महिन्यात, त्यातल्या काही बाहेरच्यांना बघायला उघडतात.